मोठ्यानं सांगायचं दुखणं

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं ओढून काढलेला बोळा पोपटी रंगाचा होता. त्याला जरीचा काठही होता. तो ट्रेमध्ये पडला तशी नर्सनं नाकावर रुमाल धरला. डॉक्टरीणबाईंनी मात्र तोंड वाकडं केलं नाही. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "आ शुं छे, बेन?"

मी टेबलावर पाय फाकवून, छताकडे बघत पडले होते. म्हटलं, "साडी छे."

दुसरं काय सांगणार? साडीच होती ती. सुरतेत आमच्या उधन्याच्या चाळीत घरोघरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम चालायचं, त्यातल्याच एका साडीची उरलेली चिंधी.

हात धुऊन त्या माझ्या डोक्याशी आल्या आणि हिंदीत समजावून सांगू लागल्या. "याला युटेरस प्रोलॅप्स म्हणतात. तुमचा थर्ड डिग्रीचा आहे." प्रोलॅप्स म्हणजे आपण बायका ज्याला अंग बाहेर येणं म्हणतो ते. गर्भाशय धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैल पडतात आणि पिशवी खाली घसरते. आतल्या आत घसरली तर पहिली पायरी, तोंडाशी आली की दुसरी आणि उभं राहिल्यावर बाहेर लोंबायला लागली की तिसरी. लघवीची पिशवीही तिच्याबरोबर ओढली जाते, म्हणून लघवी अडते. एवढं मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, ही माझीच काहीतरी घाण आहे.

मग त्या म्हणाल्या, "अल्सर पण आहे." अल्सर म्हणजे जखम. ती किती मोठी, ते त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर दाखवलं. बायोप्सी करावी लागेल म्हणाल्या, म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायचा.

"कॅन्सर असतो का असा?" मी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत मी हो म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मंगळवारी नाहीतर शुक्रवारी यायचं. मी त्या दोनच वारी बसते."

घरी तीन लेकरं होती. धाकटी तर जेमतेम तीन वर्षांची. परतताना मी रिक्षात बसले आणि बसल्यावर पहिल्यांदा ढसाढसा रडले. रिक्षावाला बिचारा आरशातून बघत राहिला.

हे सगळं मी का लिहिते आहे, ते आधीच सांगते. हे वाचणाऱ्या एखाद्या बाईनं आत्ता या क्षणीही असाच बोळा लावलेला असेल, याची मला खात्री आहे. तिनं लाज वाटली तर वाटू द्यावी, पण शेवटपर्यंत वाचावं.

माझं दुखणं प्लेगच्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली सुरू झालं. धाकटीच्या वेळी बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात सुरतेत प्लेग आल्याची बोंब उठली. चाळच्या चाळ रिकामी होऊ लागली. जो तो खानदेशातल्या आपल्या गावी निघाला. आम्हीही निघालो. यांनी दोन मोठी पोरं धरली, सासूनं बोचकं घेतलं, आणि मी कडेवर तान्ही आणि डोक्यावर पत्र्याची पेटी घेतली. पेटीत काय होतं तर भांडी! जीव मुठीत घेऊन पळताना भांडी कशाला, हे आज कळतं. तेव्हा घर सोडायचं म्हणजे भांडी घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. उधना स्टेशनात गाडीला लोंबकळून माणसं चाललेली. अंमळनेरपर्यंत मी उभी होते.

गावी पोचून पेटी उतरवली तेव्हा खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. मोरीत जाऊन हात लावला तर लिंबाएवढा गोळा. मला वाटलं, बाळंतपणातलं काही आत राहिलं होतं, ते आता बाहेर पडतंय. मी ओढून बघितलं. कळ मस्तकात गेली.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मोरीतून बाहेर आले तेव्हा माझं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं. "तुले बी उतरनं का?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांनाही होतं. माझे मालक पोटात होते, त्याच्याही आधीपासून. "गावमा निम्म्या बायासले शे," त्या म्हणाल्या. "मरी जातस का त्या? वर लोटी दे, बोळा लाव, आनि कसीसन लंगोट बांध. कोनले सांगू नको." त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, त्याची घडी करून दाखवली आणि गोळा करून माझ्या हातात दिला. त्या वेळी त्या मला देवासारख्या वाटल्या. माझं दुखणं न सांगता कळलं होतं आणि त्यावर उपायही मिळाला होता. त्यांच्या आईनं त्यांना हेच शिकवलं होतं.

प्लेग ओसरला, आम्ही सुरतेला परतलो. आणि इथं आमची चूक झाली. गावी बोळा सुती लुगड्याचा असायचा. सुरतेत सुती कापड बघायला मिळेना. घरात पोत्यानं चिंध्या पडलेल्या, पण सगळ्या नायलॉनच्या, सिंथेटिकच्या. गुळगुळीत, रंगीत, वर काहींना जरी. आम्हाला वाटलं, कापड ते कापड. उलट हे लवकर वाळतं, डाग धरत नाही, फेकलं तरी दुसरं हजर. आत्याबाईही खूश होत्या. "सुरतमा बोळासले तोटा नही," असं त्या हसून म्हणायच्या. नायलॉन ओलावा शोषत नाही, घासत राहतं आणि जरीची तार कातडी सोलते, हे आम्हा साड्यांत बसणाऱ्या दोघींना सुचू नये!

तीन वर्षं मी असं काढलं. उकिडवं बसून धागे कापायचे, त्यात पिशवी खाली येणारच. सामायिक नळावरून हंडे आणायचे, त्यात तर येणारच. लघवीला बसलं की थेंब थेंब. बोटांनी पिशवी वर लोटून धरली तरच मोकळं व्हायचं. हे लिहिताना आजही कान गरम होतात, पण ज्या बाईला होतं तिला कळेल. संध्याकाळी कंबर मोडून यायची. पुढे पुढे वास येऊ लागला. मी दोनदा अंघोळ करायची आणि शेजारणी म्हणायच्या, मंगलाला बाई नवरा फार जपतो.

नवऱ्याचं सांगते. मला तेव्हा यांच्याजवळ जायची भीती वाटायची. मी धाकटीला मध्ये घेऊन झोपायची. ते काही दिवस गप्प राहिले, मग रुसले, मग जेवताना बोलेनासे झाले. माणूस वाईट नव्हता, आजही नाही. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. बाई, कसं सांगायचं? बारा बारा तास कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून यांचे कान गेलेले. आमच्या चाळीतल्या सगळ्याच कारीगरांची ही गत होती. घराघरांतून भांडल्यासारखं बोलणं चालायचं. "मीठ कमी आहे" हेसुद्धा तिसऱ्या खोलीत ऐकू जायचं. भिंती एका विटेच्या. यांना कानात काही सांगायची सोय नव्हती, आणि ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. मी एकदा दिवा मालवल्यावर हळूच म्हटलं, "मला खाली त्रास आहे." ते मोठ्यानं म्हणाले, "काय?" भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, "काही नाही, झोपा."

शेवटी रक्त येऊ लागलं तेव्हा मी शेजारच्या सखूबाईला म्हटलं, पाळीचा त्रास आहे, दवाखाना दाखव. तिनं मोठ्या सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि तो पोपटी बोळा बाहेर निघाला.

बायोप्सीचा तुकडा काढताना चिमटा बसल्यासारखं झालं, फार नाही. त्यानंतरची वाट बघणं मात्र फार वाईट. रोज जाऊन नर्सकडून पॅक बसवून घ्यायचा. पॅक म्हणजे पिवळ्या औषधात, ॲक्रिफ्लेविन आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेली लांब पट्टी. पिशवी आत ढकलून ती पट्टी भरतात, म्हणजे जखमेला घासणं थांबतं आणि सूज उतरते. जखम भरल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. परकर पिवळे व्हायचे. धुऊन जात नाही तो रंग.

डॉक्टरीणबाईंच्या वारी बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दहाबारा जणी बसायचो. कुणी गुजराती, कुणी ओरिसाची, कुणी आमच्याकडची. एकमेकींना विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, कंबर दुखते. मीही तेच सांगायची. मग एकीमागून एक त्या पडद्याआड जायच्या आणि पडद्याआडून डॉक्टरीणबाई एकच प्रश्न विचारताना ऐकू यायचं, "केटला वखतथी छे?" किती दिवसांपासून आहे? कुणाचंच उत्तर दिवसांत नसायचं.

मला रात्रंदिवस पोरं दिसायची. धाकटीला कोण न्हाऊ घालेल, आत्याबाई किती दिवस पुरतील, हे दुसरी आणतील का, ती कशी असेल. धागे कापताना कात्री थांबायची. आत्याबाईंना मी कॅन्सरचं सांगितलं नव्हतं. पण एकदा त्यांनी माझ्यासमोर चिंध्यांचं पोतं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन ओतलं.

ऑपरेशनला नवऱ्याची सही लागणार होती. रिपोर्ट यायच्या दिवशी मी यांना बरोबर नेलं. पाळीचा त्रास, एवढंच सांगून. बाहेरच्या व्हरांड्यात गर्दी, डॉक्टरीणबाई घाईत. त्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. हे म्हणाले, "क्या?" त्या पुन्हा म्हणाल्या. हे पुन्हा, "क्या?" मी म्हटलं, "मॅडम, लूमवर असतात, ऐकू कमी येतं." तेव्हा त्या बाईंनी दम घेतला आणि सगळा व्हरांडा दणाणेल अशा आवाजात सांगितलं, "आपकी घरवाली की बच्चेदानी बाहर आ गई है! तीन साल से!"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या त्याच लूमच्या आवाजात विचारलं, "कवयपाईन?"

केव्हापासून म्हणजे कुठून सांगू? आता लपवायला उरलं काय होतं. मीही ओरडले, "पेटी उचलली तवयपाईन! प्लेगना सालले!"

ते खाली बाकड्यावर बसले. ती पेटी मला त्यांनीच उचलून डोक्यावर दिली होती. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आणि बाकड्यावरची एक गुजराती म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मने पण आ ज छे." मलाही हेच आहे. कंबर दुखते म्हणणारी ती म्हातारी.

रिपोर्ट चांगला होता. कॅन्सर नव्हता. मी यांना तेही ओरडूनच सांगितलं.

जखम भरल्यावर ऑपरेशन झालं. व्हजायनल हिस्टेरेक्टॉमी, म्हणजे पोट न फाडता खालूनच पिशवी काढतात, आणि सैल पडलेल्या भिंती टाके घालून घट्ट करतात. कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. डोळे उघडे असतात. मला कात्रीचा आवाज येत होता आणि मला आपल्या साड्याच आठवत होत्या. नंतर लघवीची नळी काही दिवस ठेवली. ती काढल्यावर पहिल्यांदा बोट न लावता धार लागली तेव्हा मी संडासात बसून रडले. एवढ्याशा गोष्टीचं सुख काय असतं, ते मला विचारा.

सगळं छान झालं असं मात्र नाही. टाके पिकले, ताप आला, पुन्हा भरती व्हावं लागलं. खोकला आला की आजही थेंब गळतो. तीन महिने काही उचलायचं नाही, अशी ताकीद होती. हंडे हे आणू लागले. नळावर बायकांच्या रांगेत एकटा बाप्या! चाळीनं खूप चेष्टा केली, बायकोचा बैल म्हणाले. यांना ऐकू येत नव्हतं, ते एक बरं.

आत्याबाईंनी त्या महिन्यांत माझं सगळं केलं. माझे पिवळे परकर धुतले, मला बसतं करून खिचडी भरवली. मी बरी झाल्याबरोबर त्यांच्या मागे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वयस्कर बाईला ऑपरेशन नको असेल तर पेसरी बसवता येते. पेसरी म्हणजे एक कडी, पिशवीला आतून आधार देणारी. मात्र ती ठरल्या वेळी काढून बदलून घ्यायची असते. मी सगळं सांगितलं. आत्याबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "मी नही दखाडाव कोनले. इतला वरीस काढात, आते काय उरनं?"

मी चिडले, रडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. मग बाजारातून मलमलचं कापड आणलं, उकळून वाळवलं, तुकडे करून त्यांच्या उशाशी ठेवलं. म्हटलं, लावायचंच असेल तर हे तरी लावा. त्यांनी ते उचलून ट्रंकेत टाकलं. त्याचं काय केलं, ते मला कळलं नाही.

दीड-दोन वर्षं गेली. त्यांच्या पायांना सूज येऊ लागली. मग तोंडावर. जेवण जाईना, मळमळ. गल्लीतल्या डॉक्टरनं सूज उतरायला लघवीच्या गोळ्या दिल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तर ब्लड युरिया खूप वाढलेला. म्हणजे मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळेनाशी झालेली. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "लघवीचा जुना काही त्रास?" आत्याबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. हे कुणाला सांगणार नाही, अशी आदल्या दिवशीच त्यांनी माझ्याकडून नातीच्या गळ्याची आण घेतली होती.

मी आण मोडली. त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं सांगितलं. "अंग बाहेर येतं त्यांचं. चाळीस वर्षं होत आली असतील."

डॉक्टर एकदम गंभीर झाला. त्यानं कागदावर काढून दाखवलं. पिशवी पूर्ण खाली लोंबली की मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्याही ओढल्या जातात, मुरडतात. लघवी मागं तुंबते आणि मूत्रपिंडं हळूहळू बाद होतात. त्रास न होता होतात, म्हणून कळत नाही. तपासायला हवं, म्हणाला. पिशवी वर बसवली तर अजून थोडा फरक पडेल.

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी लुगडं आवळून धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाईंना बोलावलं, यांनी पाया पडून सांगितलं, तरी त्या वळल्या नाहीत. माझ्याशी तर बोलणंच सोडलं. घरी आणल्यावर पाणीसुद्धा माझ्या हातून घेईनात. मुलीसारखं केलं मला त्या बाईनं आणि जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते दुःख माझं मलाच माहीत. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा आण मोडीन.

आत्याबाई संक्रांतीच्या आधी गेल्या. नातेवाईक गावाहून आले. आमच्यात बाईला बायकांनीच शेवटची अंघोळ घालायची असते. दारापुढच्या ओट्यावर चौघींनी चहूबाजूंनी साड्या धरल्या आणि आत आम्ही तिघी. मी, सखूबाई आणि माझी नणंद सुशीला. सुशीला यांच्या पाठची, दोन लेकरांची आई, गावी शेतात राबणारी.

मी लंगोट सोडला. आतला बोळा मलमलचा होता. पांढरा, मऊ, मी उकळून दिलेला. म्हणजे त्यांनी माझं तेवढं ऐकलं होतं. मग सगळं बाहेर आलं, मुठीएवढं, काळं-निळं. सखूबाईचा तांब्या हातातच राहिला. "हाई काय व्हयनं?" ती घाबरून पुटपुटली. साड्या धरलेल्या बायका मान वळवून बघू लागल्या.

मी आत्याबाईंवर पाणी घातलं, हातानं सगळं आत सारलं आणि पातळ नेसवलं. मग साड्यांच्या बाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अंग बाहेर येत होतं त्यांचं. त्यानंच गेल्या. मलाही होतं. मी ऑपरेशन करून घेतलं."

बाहेर पुरुषांची बांबू बांधायची ठाकठोक तेवढी चालू होती. मी आत्याबाईंचे केस विंचरू लागले. सुशीला हळद घेऊन माझ्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या कानाला लागला.

"वैनी," ती म्हणाली, "तुनी ती डॉक्टरीन कोनता वारले बसस?"

मी फणी खाली ठेवली. "मंगळवारले," मी म्हटलं, "आनि शुक्रवारले. तू आता गावी जायचं नाहीस."